वाचकांचे प्रश्न : जुन्या लेथचे तुटलेले दाते, झिजलेले आटे

प्रश्न : कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा), पट्ट्यावर चालणारा जुना इंग्लिश लेथ आहे. हेडस्टॉकमधल्या मोठ्या बुल गिअरचे (स्पिंडलवरच्या गिअरचे) सलग तीन दाते मोडले. गिअर बिडाचा, दाते ६६, बाहेरचा व्यास २१५.८ मिमी. एका वर्कशॉपने मोड्युल ३ मध्ये नवा करून देण्याची तयारी दाखवली आहे. करून घ्यावा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मोड्युल ३ मध्ये मुळीच करून घेऊ नका. मोड्युल म्हणजे मिमीतला पिच व्यास (दोन गिअर ज्या वर्तुळांवर एकमेकांत बसतात त्याचा व्यास) भागिले दाते. बाहेरच्या व्यासाला दात्यांची संख्या अधिक दोन, म्हणजे ६८ ने भागा. उत्तर ३.१७ येतं. हे मोड्युल ३ नाही आणि ३.२५ पण नाही. २५.४ ला ३.१७४ ने भागलं की बरोबर ८ येतात. तुमचा गिअर ८ डीपीचा (डायमेट्रल पिच, म्हणजे पिच व्यासाच्या दर इंचामागे दाते) आहे. जुन्या इंग्लिश यंत्रांत डीपीच असायचा. मोड्युल ३ चा ६६ दात्यांचा गिअर पिच व्यासाला साडेअकरा मिमी लहान होईल, त्रिज्येत पावणेसहा. तुमच्या दात्याची एकूण उंचीच ६.८५ मिमी आहे, म्हणजे समोरच्या गिअरला तो जेमतेम टेकेल.

डीपी कळला तरी प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा कल) बघायचा राहतोच. जुन्या यंत्रांत तो बहुधा साडेचौदा अंश असतो, आजच्या कटरचा वीस. व्हर्नियरच्या जबड्यांत न मोडलेले सहा दाते धरून माप घ्या, मग तिथेच सात दाते धरून. दोन मापांतला फरक ९.६६ च्या आसपास आला तर साडेचौदा अंश, ९.३७ आला तर वीस. दाते झिजलेले असले तरी ही पद्धत चालते, कारण झीज दोन्ही मापांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते.

आता दुरुस्ती की नवा? बाकीचे दाते शाबूत असतील आणि रिम दात्यांच्या मुळाखाली १५ मिमी तरी जाड असेल तर आमचं मत दुरुस्तीच्या बाजूने आहे. मोडलेल्या तीन दात्यांच्या जागी मुळाखाली सुमारे ८ मिमी खोल डव्हटेल (तळाशी रुंद) खाच मिलिंगवर काढा. माइल्ड स्टीलचा तुकडा बाजूने ठोकून घट्ट बसवा आणि दोन्ही तोंडांकडून, सांध्यावर अर्धं भोक तुकड्यात आणि अर्धं बिडात येईल अशा पिना मारा. मग बाहेरचा व्यास टर्न करून दाते पाडा. डिव्हायडिंग हेड (गिअर समान भागांत फिरवणारं साधन) ४० : १ चं असेल तर ३३ भोकांच्या वर्तुळावर दर दात्याला २० भोकं. आधी शाबूत गाळ्यात (दोन दात्यांमधल्या जागेत) कटर नीट बसतो का ते बघून घ्या आणि मगच तुकड्याकडे जा, नाहीतर नवे दाते जुन्यांशी जुळणार नाहीत. कटर ८ डीपी, नंबर २. मोड्युलच्या कटरचे नंबर याच्या उलटे असतात, त्यामुळे दुकानात नुसता 'दोन नंबर' मागू नका. डीपी आणि '५५ ते १३४ दाते' असं सांगा.

मोडक्या जागी साध्या रॉडने वेल्डिंगचा ढीग घालून कानशीने दाते काढणं टाळा. बीड तिथे काचेसारखं कडक होतं, कानस घसरते आणि पुढे शेजारच्या दात्याच्या मुळात तडा जातो.

दाते कशाने मोडले तेही शोधा. बुल गिअरची लॉक पिन (तो पुलीला जोडणारी) आत असताना बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) टाकला की सगळं जाम होतं. अडकलेला चक (काम धरणारा भाग) सोडवायला पुष्कळ जण मुद्दाम हेच करतात आणि चकला हिसका देतात. तो हिसका दोन-तीन दात्यांवर येतो. त्याऐवजी मेन स्विच बंद करा, पिन काढून बॅक गिअर टाका, मागच्या बाजूच्या बेडवर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर चकचा जबडा टेकवा आणि पट्टा हाताने उलटा ओढा. चक सुटतो आणि दात्यांवर धक्का येत नाही.

प्रश्न : लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा आहे. मिमीचे आटे पाडायचा १२७ दात्यांचा गिअर पडून फुटला. संचात २० ते १२० पर्यंत पाचच्या फरकाने गिअर आहेत. ४० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास ६६.६ मिमी. १२७ चा मिळत नाही, काय करावं?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमचा संच १६ डीपीचा आहे (४२ भागिले १६, म्हणजे २.६२५ इंच, म्हणजे ६६.६७ मिमी). १२७ ही मूळ संख्या असल्याने डिव्हायडिंग हेडच्या साध्या प्लेटवर तो पाडता येत नाही, डिफरन्शियल इंडेक्सिंग (प्लेटही गिअरने फिरवत भाग पाडणं) लागतं. म्हणून हा गिअर कुणी पटकन करून देत नाही.

पण त्याच्यावाचून अडत नाही. १२७/१०० च्या जागी ४७/३७ वापरा. ४७ ला ३७ ने भागलं की १.२७०२७ येतं. २ मिमी पिचसाठी पूर्वी ४० चालक आणि १२७ चालित अशी जोडी लागायची. आता चालक ३७ आणि ४०, चालित ४७ आणि १००. पिच १.९९९६ मिमी पडतो, १०० मिमी लांबीत चूक सुमारे ०.०२ मिमी. नट-बोल्ट, फ्लँज, पाइपचे मिमी आटे, सगळ्याला हे पुरतं. लांब लीड स्क्रू पाडायचा असेल तरच १२७ चा हट्ट धरा.

६३ दात्यांच्या एकाच गिअरनेही काम भागतं (६३/८० × ४०/१००) आणि त्यात चूक जवळपास निम्मी, पण ६३ साठी डिव्हायडिंग हेडच्या ब्राउन अँड शार्प कंपनीच्या प्लेटवर भोकं नाहीत. ३७ आणि ४७ चं वर्तुळ मात्र तिसऱ्या प्लेटवर आहे : ३७ ला एक पूर्ण फेरा आणि ३ भोकं, ४७ ला ४० भोकं. दोन्हींना एकच कटर चालतो, १६ डीपी नंबर ३. ब्लँकचे (दाते पाडायच्या आधीच्या चकतीचे) व्यास ६१.९१ आणि ७७.७९ मिमी, खोली ३.४२ मिमी. कटरचा प्रेशर अँगल जुन्या संचाशी जुळवून घ्या.

मिमीचे आटे पाडताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दोन भागांचा नट) मध्येच उघडू नका. काम पुरं होईपर्यंत तो बसलेलाच ठेवा, टूल मागे घ्या आणि मोटर उलटी फिरवून परत या. एकदा उघडला की आटे चुकलेच म्हणून समजा.

प्रश्न : क्रॉस स्लाइडला (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) अर्धा मिमी खेळ होता. गनमेटलचा नवा नट घातला. आता टोकाला हँडल जड फिरतं आणि मध्यावर खेळ तसाच आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नट ठीक आहे, स्क्रू झिजलाय. काम नेहमी मधल्या पट्ट्यात होतं, म्हणून तिथले आटे बारीक झालेत आणि टोकाचे जाडच आहेत. स्क्रू आणि नट दोन्ही एकत्र करून घ्या. स्क्रूला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चालेल.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी तपासा. हँडलच्या कॉलरवर १०० रेघा आणि प्रत्येक रेघ एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असेल तर स्क्रू इंचाला १० आट्यांचा, पिच २.५४ मिमी. टर्नर सोयीसाठी २.५ मिमी पाडतो आणि मग दर इंचाला ०.४ मिमी फरक पडतो, व्यासावर ०.८. जुन्या स्क्रूच्या न झिजलेल्या टोकाला दहा आट्यांची लांबी मोजा : २५.४ की २५? दुसरं, आटे बहुधा डावे असतात. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

आणि हँडल धरून स्लाइड पुढे-मागे ढकलून बघा. कॉलर ब्रॅकेटपासून हलत असेल तर तेवढा खेळ थ्रस्टचा (स्क्रू लांबीच्या दिशेने सरकण्याचा) आहे, स्क्रूच्या आट्यांचा नाही. तिथे ०.१ मिमीची पत्ती घातली तरी फरक दिसेल. दहा शतांश मिमीपर्यंतचा खेळ राहू द्या. नेहमी एकाच दिशेने टूल आत आणलं तर तो मापात येत नाही.

प्रश्न : लीड स्क्रूच्या बिडाच्या ब्रॅकेटला तडा गेला. वेल्डिंग करता येईल?
– एक वाचक, जालना

उत्तर : निकेलच्या रॉडने येईल. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. तेल पूर्ण जाळून काढा, तड्यावर व्ही आकाराची खाच पाडा. एका वेळी २५ मिमीच शिवण घाला, गरम असतानाच हातोडीने हलकी ठोका आणि हात लावता येईल इतकी निवल्यावर पुढची. शेवटी कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. वेल्डिंगआधी ब्रॅकेटच्या बोअरमध्ये मापाचा शाफ्ट घालून ब्रॅकेट जागेवर बोल्टने आवळायला विसरू नका. बोअर वाकडा झाला तर लीड स्क्रू प्रत्येक फेऱ्याला अडकेल आणि हाफ नट झिजत जाईल.