उपस्थित : चार आडनावं ‘आणि मॅडम’

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, नऊ जणांच्या गटाची प्रमुख. माझ्याच पदावर आणखी तीन पुरुष आहेत. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, नाहीतर आडनावाला ‘साहेब’ जोडतात. मला मात्र हाताखालचे ‘ताई’ म्हणतात, वरिष्ठ ‘बेटा’ म्हणतात आणि बरोबरीचे नुसतं ‘अगं’. गेल्या आठवड्यात ग्राहकाशी माझी ओळख करून दिली ती ‘ही आमच्या टीममधली सगळ्यात गोड मुलगी’ अशी. मग बैठक संपेपर्यंत तो ग्राहक दराचे सगळे प्रश्न माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला विचारत राहिला. मैत्रीण म्हणते, प्रेमानं म्हणतात, एवढं काय मनावर घ्यायचं? ताई, मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर : पत्रात तुम्ही मलाही ‘ताई’ म्हटलंय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पण मी काही तुमच्या कामावर सही करत नाही, की तुमचा रजेचा अर्ज अडवू शकत नाही. आपल्यात दुसरं नातंच नाही, त्यामुळे ताई खपून जातं.

तुम्ही बाऊ करत नाही आहात. ‘गोड मुलगी’ ऐकून तुम्हाला राग आला असेल, पण तुमच्या पत्रात मी खूण केली ती त्याच्या पुढच्या वाक्यावर. ग्राहकानं दराचे प्रश्न दुसऱ्याला विचारले. त्याचा तरी काय दोष? निर्णय कोण घेणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी एक जुनी गोष्ट सांगते. मी २८ वर्षं एका कार्यालयाच्या आराखडा विभागात काढली. पहिली काही वर्षं बैठकीच्या इतिवृत्तात ‘उपस्थित’ या शब्दापुढे चार आडनावं असायची आणि शेवटी ‘आणि मॅडम’. ती मॅडम म्हणजे मी. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट मान दिल्यासारखं वाटायचं. एका बैठकीत मी भाराच्या हिशोबातली चूक दाखवली. इतिवृत्तात नोंद झाली, ‘मॅडमनी शंका उपस्थित केली. हिशोब पुन्हा तपासावा.’ तपासला, चूक निघाली, दुरुस्त झाली. सहा-सात वर्षांनी बढतीच्या मुलाखतीआधी मी ती फाईल काढून घेतली. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “या मॅडम म्हणजे आपणच, हे कशावरून?” मधल्या काळात विभागात आणखी एक बाई येऊन बदलून गेल्या होत्या. दोघी मॅडमच. त्या पानावर ज्यांनी तोंडही उघडलं नव्हतं, त्या चौघांची आडनावं मात्र शाबूत होती.

तेव्हापासून एखादं संबोधन मानाचं की अपमानाचं, यावर मी डोकं खपवत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला काय म्हणतात ते बघते. तिघंही एकमेकांना ‘अरे’ म्हणत असतील आणि तुम्हाला ‘अगं’, तर खुशाल चालू द्या. ते ‘कुलकर्णी साहेब’ आणि तुम्ही ‘बेटा’, तर हिशोब चुकलाय.

हे फक्त तुमच्या-माझ्या कार्यालयात घडतं असंही नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की व्यावसायिक पुरुषांचा उल्लेख नुसत्या आडनावानं होण्याचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त असतं. शिवाय ज्याचा उल्लेख आडनावानं होतो, तो ऐकणाऱ्याला जास्त नामांकित वाटतो. त्याआधी, २०१७ साली, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आपल्याच व्याख्यानांची चित्रफीत तपासली. पुरुषानं पुरुष वक्त्याची ओळख करून देताना १०० पैकी ७२ वेळा पदवी उच्चारली, स्त्री वक्त्याच्या वेळी ४९ वेळा. ओळख करून देणारी स्त्री असली, की समोर कुणीही असो, पदवी जवळजवळ प्रत्येक वेळी घेतली गेली. पदवी गाळणारे सगळे काही दुष्ट नसणार. जीभ सवयीनं वळते, इतकंच.

आता ‘ताई’. या शब्दाबद्दल मला माया आहे म्हणूनच सांगते, तो कामं फार करून घेतो. साहेबांना आज द्यायचा अहवाल आजच दिला जातो, ताईंना ‘उद्या दिला तर चालेल ना?’ असं विचारता येतं. निरोप समारंभाची वर्गणी ताई गोळा करणार, नव्या मुलीचं रडं ताई ऐकणार, दोघांचं भांडण ताई मिटवणार. यातलं काहीही वार्षिक मूल्यमापनात येत नाही. नात्याचा शब्द आला, की नात्याची कामंही मागोमाग येतात.

करायचं काय? चिडलेल्या दिवशी बोलू नका. एखादा साधा दिवस बघा, एकेकाला एकटं गाठा आणि एवढंच म्हणा, “बैठकीत मला आडनावानं हाक मारा, बाकी तिघांना मारता तशीच.” मला वाईट वाटतं, हे कारण देऊ नका. खरं असलं तरी देऊ नका, कारण त्यावर ‘अगं, इतकी हळवी होऊ नकोस’ हे उत्तर तयारच असतं. ‘बेटा’वाल्या वरिष्ठांना कामाचं कारण द्या. “सर, दराचा निर्णय कोणाकडे आहे हे ग्राहकाला त्या दिवशी कळलं नाही. पुढच्या वेळी ओळख करून देताना पद सांगाल का?” यावर नाही म्हणायला त्यांना जागा उरत नाही. त्याहून सोपं म्हणजे ग्राहक खुर्चीत बसायच्या आत स्वतःच पूर्ण नाव आणि पद सांगून मोकळं व्हा. आणि इतिवृत्त सही करण्याआधी वाचा. ‘मॅडम’ दिसलं की खोडा, नाव लिहा.

संबोधन लघळ असेल, म्हणजे डार्लिंग, स्वीटी या जातीचं, तर मात्र वरची समजूतदार भाषा वापरू नका. तारीख, वेळ, शब्द आणि ऐकणारे कोण, हे लिहून ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक रोख असलेली शेरेबाजीही येते. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. २०२४ साली कलकत्ता उच्च न्यायालयानं अनोळखी स्त्रीला ‘डार्लिंग’ म्हणणं आक्षेपार्ह ठरवलं. त्या प्रकरणातली स्त्री तेव्हा कामावर असलेली पोलीस शिपाई होती.

प्रश्न : आमच्याकडे नव्या व्यवस्थापक आल्या आहेत, माझ्याहून १२ वर्षांनी लहान. मॅडम म्हणायला जीभ रेटत नाही. नावानं हाक मारली तर उद्धटपणा, ताई म्हणावं तर खोटं वाटतं. सध्या मी हाक मारणंच टाळतो, खाकरून बोलायला सुरुवात करतो.

उत्तर : खाकरणं हे संबोधन त्यांच्याही लक्षात आलं असणार. त्यांच्या आधीच्या व्यवस्थापकांना काय म्हणत होतात? सर म्हणत असाल तर मॅडम म्हणा. तेही वयानं लहान असते, तरी तुम्ही सरच म्हटलं असतं ना? आठवडाभर जीभ अडखळेल, मग तिला आपोआप वळण लागेल. किंवा सरळ विचारा, “तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?” दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला आवडली, तुम्ही ‘आल्या आहेत’ असं लिहिलंय. मराठीत हाक मारणं टाळता येतं, क्रियापद टाळता येत नाही. त्या खोलीबाहेर गेल्यावर ‘साहेब म्हणाले’ आणि ‘ती म्हणाली’ अशी वाक्यं एकाच दमात बोलणारे मी पुष्कळ पाहिले. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे ‘ती’, हे नव्या मुलांच्या कानावर पडतं आणि तीही तसंच बोलायला लागतात. तुमच्या लिहिण्यात ते नाही, बोलण्यातही येऊ देऊ नका.

प्रश्न : केबिनच्या दारावर पाटी लावायची आहे. कार्यालय विचारतंय, कुमारी, सौ. की श्रीमती?

उत्तर : शेजारच्या दारावर ‘विवाहित श्री.’ असं लिहिलेलं पाहिलंत का कुठे? पश्चिम जर्मनीनं १९७२ साली सरकारी व्यवहारातून ‘फ्रॉइलाइन’ काढलं, फ्रान्सनं २०१२ साली सरकारी अर्जांमधून ‘मादम्वाझेल’ काढलं. दोन्ही शब्द कुमारीच्याच भावकीतले. इंग्रजीत तर लग्नाचा पत्ता लागू न देणारं ‘मिझ’ १९०१ सालीच एका वर्तमानपत्रानं सुचवलं होतं. आपल्याकडे ‘श्रीमती’ त्या कामाला यायला हरकत नाही, पण तो शब्द वाचून हळहळणारी माणसं अजून आहेत. मी माझ्या पाटीवर पुढे काहीच लावलं नव्हतं. वरती पूर्ण नाव, खाली पद, बस. मात्र कार्यालयाला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. माझी पहिली पाटी ‘सौ.’ लावूनच रंगून आली होती आणि ती बदलायला १४ महिने लागले.