वाचकांचे प्रश्न : खोकड घरात पाळता येईल का?

प्रश्न : माणसाच्या मांडीवर लोळणाऱ्या लाल खोकडाचे व्हिडिओ दिसतात. पिल्लू लहान असतानाच आणून बाटलीने दूध पाजून वाढवलं, तर ते कुत्र्यासारखं होईल का?

उत्तर : नाही. बाटलीवर वाढलेलं पिल्लू माणसाला भीत नाही, एवढंच. कुत्र्याचा स्वभाव असंख्य पिढ्यांच्या निवडीतून घडला आहे. रशियन आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ चंदेरी खोकडांवर (हा लाल खोकडाचाच एक रंगप्रकार) हेच करून पाहिलं. पुढे त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी ते काम चालू ठेवलं. दर पिढीत सर्वांत कमी बुजरी, कमी चावरी जनावरंच जोडीला लावायची, हा एकच निकष होता. काही पिढ्यांतच शेपटी हलवणारी, हात चाटणारी पिल्लं जन्मली. तुम्हाला विकायला दाखवलेलं पिल्लू त्या वंशातलं क्वचितच असतं. साधारण सहा ते दहा महिन्यांचं झालं की, म्हणजे रानातली पिल्लं आईबापांचा मुलूख सोडतात त्याच वयात, ते चावरं आणि हट्टी होऊ लागतं. बहुतेक लोक इथेच हात टेकतात. आणि पुढे ते दहा-बारा वर्षं सहज जगू शकतं.

प्रश्न : अंगणात पिंजरा करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : खोकड खणतं, चढतं आणि दोन मीटर उंचीवरही पोचतं. त्यामुळे छत हवंच; फक्त उंच कुंपण पुरत नाही. कोंबड्यांसाठी वापरतात ती पातळ षटकोनी जाळी दातांनी फाटते. जाड तारेची वेल्डमेश (सांध्यांवर वेल्ड केलेली जाळी) घ्या, तिची भोकं ५ सेंमीपेक्षा मोठी नकोत; पिल्लं असतील तर २.५ सेंमी. भिंतीच्या पायथ्याशी जाळी काटकोनात आतल्या बाजूला वळवून निदान ६० सेंमी रुंद झालर जमिनीखाली पसरा. खोकड भिंतीला खेटूनच खणायला लागतं आणि जाळीवर अडतं. झालर आणि भिंत यांचा सांधा तारेने घट्ट बांधा, खोकड तिथूनही निसटू शकतं. दार दुहेरी ठेवा : बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. आत लाकडी खोकं, उंचावर बसायच्या फळ्या आणि खणायला मातीचा ढीग द्या. खणायला जागा नसेल तर ते सोफा खणेल.

प्रश्न : वास खरंच इतका येतो का? नसबंदीने जातो?

उत्तर : येतो, आणि पूर्ण जात नाही. मूत्राला उग्र दर्प असतो, शेपटीच्या वरच्या बाजूलाही गंधग्रंथी असते. नसबंदीने विणीच्या हंगामातला दर्प आणि जागोजागी मुतणं कमी होतं, बंद होत नाही. शी-शूसाठी मातीच्या ट्रेची सवय लागते, पण तीही भरवशाची नाही. घरात पडदे, गालिचे असतील तर आधीच निरोप द्या.

प्रश्न : आहार आणि लसी कुत्र्याच्याच चालतील का?

उत्तर : आहार बराचसा चालतो : चांगल्या प्रतीचं कुत्र्याचं खाद्य, सोबत मांस, अंडं, थोडी फळं. नुसतं हाडाविना मांस घातलं तर वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट टाळा. उरलेलं अन्न ते पुरून ठेवतं, म्हणून पिंजरा रोज उकरून पाहा; माश्या त्यातूनच होतात.

लसींचं वेगळं आहे. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग; त्याच्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूच्या लसीने करड्या खोकडांना डिस्टेंपरच झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून पुनर्संयोजित लस (जिच्यात डिस्टेंपरचा अख्खा विषाणू नसतो) सुरक्षित मानतात. रेबीजसाठी डॉक्टर मृत विषाणूची कुत्र्याची लस देतात, पण खोकडाने कुणाला चावा घेतला तर आरोग्य यंत्रणा त्याला लस झालेली आहे असं मानेलच असं नाही; मग जनावर मारून तपासण्याची वेळ येऊ शकते. जंतनाशक ठरल्या वेळी द्या : खोकडाच्या विष्ठेतून येणाऱ्या एका फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात गंभीर गाठी होतात. साफसफाई हातमोजे घालूनच करा.

पिल्लू बघण्याआधी दोन फोन करा : वन्यजीव खात्याला परवान्यासाठी, आणि खोकड हाताळलेल्या पशुवैद्याला. दोन्हींकडून होकार आला नाही, एकाचाही नकार असला, तर पिंजऱ्याची जाळी आणू नका.