ढोरांची डॉक्टर झाली तर बिघडलं कुठं?

परभणी जिल्ह्यातले एक वडील लिहितात : "मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएस थोडक्यात हुकलं. यंदा पुन्हा लातूरला ठेवतोय. तिच्या आत्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. ती म्हणते, व्हेटर्नरी करून असल्या आजारामागच्या विषाणूंवर संशोधन करीन. डॉक्टर न होता माणसाच्या रोगावर कसलं संशोधन? ढोरांची डॉक्टर म्हणून लोक हसतील."

दादा, 'ठेवतोय' म्हणजे काय? पोर आहे की मुदत ठेव? दोन वर्षं तिनं कॉट बेसिसवर, मेसच्या डब्यावर काढली. तिसरं काढायचं का, हे तिला विचारल्याचं पत्रात कुठंच नाही. एमबीबीएस हुकलं ते तुमचं. तिनं मागितलेलं वेगळंच आहे, आणि बारावीच्या पोरीला इतकं नेमकं सांगता येतं हे मी क्वचित पाहतो.

आता तुमचा गैरसमज. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडतं. विषाणूमुळे ते कसं झडतं, हे बरंचसं जनावरांतच कळलं. १९३३ साली जर्मनीतून आणलेल्या मेंढ्यांबरोबर आइसलँडमध्ये व्हिस्ना हा मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार शिरला. लागण झालेली मेंढी वर्षानुवर्षं धडधाकट दिसते, मग मागचे पाय लुळे पडतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार तर आपल्या गल्लीतला, त्यातही मायलिन जातं. थायलरचा विषाणू हा उंदरांचाच विषाणू; तो एसजेएल जातीच्या उंदराच्या मेंदूत टोचला, की तो ठाण मांडतो आणि काही आठवड्यांनी मज्जारज्जूतलं मायलिन झडू लागतं. सी५७ ब्लॅक जातीचा उंदीर तोच विषाणू हुसकून लावतो. हा फरक का पडतो, हे शोधायला एमबीबीएसची अट नाही. पशुवैद्याला तर हे घरचं मैदान.

परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्रवेश नीटच्याच गुणांवर. पुढे एमव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी.

मुलीला मात्र एक सांगा. उंदराचा आजार म्हणजे आत्याचा आजार नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सर्वांत दाट संशय एप्स्टीन-बार या माणसांत सर्रास आढळणाऱ्या विषाणूवर आहे. त्याचा भक्कम पुरावा २०२२ साली आला, तो १ कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी आणि साठवलेल्या रक्तावरून. साध्या उंदराला तो विषाणू लागतच नाही. शिवाय या कामात उंदीर मारावे लागतात. मज्जारज्जूचे पातळ काप करून रंगवायचे. मायलिन निळं दिसतं, जिथं ते गेलेलं तिथं फिकट डाग. असे काप वर्षानुवर्षं बघत बसायची तयारी आहे का, हे तिला विचारा. क्लासची फी त्यानंतर.