जिवंत राहिलेल्यांचे बोलणे

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी ऐरोलीहून येऊन तू ठेवून गेलेला लेख मी दोनदा वाचला. मॅक्स ब्रूक्सची २००६ सालची कादंबरी ‘वर्ल्ड वॉर झी’ आणि तिच्यावरून मार्क फोर्स्टरने दिग्दर्शित केलेला, २०१३ साली प्रदर्शित झालेला त्याच नावाचा चित्रपट, यांची तुलना करण्याचे तू ठरवलेस याचे मला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते लेखाला जोडलेल्या तक्त्याचे. डाव्या रकान्यात कादंबरीतील प्रसंग, उजव्या रकान्यात चित्रपटातील प्रसंग, आणि उजवीकडे तब्बल तेवीस ठिकाणी ‘नाही’ असा शेरा. मेहनत दिसते; पण चित्रपटाने पुष्कळ काही गाळले, यापलीकडे तो तक्ता काहीच सांगत नाही. दोन्हींत नावाखेरीज फारसे काही समान नाही, असे तर खुद्द ब्रूक्सनेही बोलून दाखवले आहे. मूळ लेखकानेच जे सांगून टाकले, ते सिद्ध करण्यासाठी तू आठ पाने का खर्च करावीस?

माध्यमांतराबद्दल लिहिताना ‘काय गाळले’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘कोण सांगतो आहे, आणि घडून गेल्यावर किती काळाने सांगतो आहे’ हा प्रश्न पुढे घ्यावा, असे मी तुला सुचवतो. या जोडीच्या बाबतीत तर सगळा फरक तिथूनच सुरू होतो. कादंबरीत झॉम्बींशी, त्या चालत्या प्रेतांशी, झालेले युद्ध संपलेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युद्धोत्तर आयोगासाठी अहवाल तयार करणारा एक माणूस जगभर फिरून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतो. त्यातील माणसांच्या भावना आणि मते अहवालाच्या शिस्तीत बसत नाहीत म्हणून वगळली जातात, आणि ते वगळलेले बोलणे म्हणजेच आपल्या हातातले पुस्तक. ही घडण ब्रूक्सने अमेरिकी लेखक स्टड्स टर्केलच्या ‘द गुड वॉर’ या दुसऱ्या महायुद्धाच्या मौखिक इतिहासावरून घेतली, हे तू एका ओळीत उरकले आहेस. त्या ओळीचा परिच्छेद व्हायला हवा, कारण इतिहासाचे पुस्तक असल्याचा बहाणा हाच या कादंबरीचा कणा आहे.

ही घडण समजून घेण्यासाठी तुला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. २६ जुलै २००५ विषयी तुझ्या इमारतीत कोणालाही विचार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा फार थोड्यांना आठवेल. पण कोणत्या पुलावर रात्र काढली, अनोळखी माणसाने पुढे केलेला बिस्किटांचा पुडा कोणत्या प्रकारचा होता आणि डाव्या पायातली चप्पल नेमकी कुठे वाहून गेली, हे प्रत्येकजण सांगेल. तुझ्या आईने मला ती हकीकत एकदा ऐकवली होती. कुर्ल्यापासून रुळांवरून चालत ती पहाटे ठाण्याला पोहोचली. ती माझ्यासमोर चहा घेत बसली होती, म्हणजे ती वाचली हे मला ठाऊकच होते, आणि तरीही मी श्वास रोखून ऐकत होतो. बरोबर निघालेली एक वयस्कर बाई मध्येच ‘मी इथेच बसते, तुम्ही व्हा पुढे’ म्हणाली, तिचे पुढे काय झाले ते कळले नाही, एवढे सांगून तुझी आई कप विसळायला आत गेली.

ब्रूक्सची कादंबरी त्या उठून जाण्याच्या क्षणांची बनलेली आहे. बोलणारा प्रत्येकजण जिवंत आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. त्यामुळे ‘आता काय होणार’ ही उत्कंठा तिथे फारशी नाही. ‘तू काय केलेस, आणि आता त्याचे काय करतोस’ हा ताण आहे. रेबीजवरची लस म्हणून निरुपयोगी औषध खपवून गब्बर झालेला व्यापारी अंटार्क्टिकावर बसून बेफिकीरपणे बोलतो. काही वस्त्या आमिष म्हणून मागे ठेवल्या तरच उरलेल्यांना सुरक्षित जागी हलवता येईल, अशी दक्षिण आफ्रिकेतील रेडेकरची योजना एकेक देश उचलतो, आणि ती राबवून वाचलेली माणसे तिच्याविषयी बोलतात. गुजरातच्या किनाऱ्यावरील अलंग इथे, जिथे जुनी जहाजे मोडीत काढली जातात, लोक समुद्रमार्गे निसटायला धडपडत होते. ती आठवण सांगणारा माणूस पुन्हा त्याच किनाऱ्यावर भेटतो. हे प्रकरण तुझ्या तक्त्यात ‘भारत – नाही’ असे दोन शब्दांत संपले आहे. मला स्वतःला ते फार जवळचे वाटते, कारण मुंबईच्या दारूखाना बंदराच्या बाजूने जाताना अर्धी कापलेली जहाजे मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण हे माझे, तुझ्या लेखात ते नको.

आता चित्रपटाकडे ये. तिथे गेरी लेन नावाचा एकच माणूस आहे, संयुक्त राष्ट्रसंघाचा माजी तपासनीस, आणि सगळे त्याच्यासमोर आत्ता घडते आहे. कादंबरीतले झॉम्बी रखडत चालतात आणि चित्रपटातले धावतात, हा फरक तू ‘प्रेक्षकांना थरार हवा म्हणून’ एवढ्यावर सोडला आहेस. एवढ्यावर सोडू नकोस. वेग हा निवेदनाच्या काळाशी बांधलेला आहे. रखडत येणारा शत्रू माणसाला वेळ देतो: बैठक भरवायला, अफवा दाबायला, खोटी लस विकायला, कोणाला मागे ठेवायचे याची यादी करायला. एवढा वेळ मिळूनही माणसे हरतात, म्हणूनच नंतर सांगण्यासारखे, लपवण्यासारखे, पश्चात्ताप करण्यासारखे काही उरते. कादंबरीतील, न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सच्या लढाईत अमेरिकी सैन्य कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून मांडणी करते आणि शत्रूला घाबरवण्यासाठी बनवलेली महागडी अस्त्रे अशा शत्रूवर सोडते ज्याला भय म्हणून नाहीच. ही चूक करायला आधी फुरसत लागते. चित्रपटात चावा घेतलेला माणूस बारा सेकंदांत पालटून झॉम्बी होतो. बारा सेकंदांत योजना होत नाही, पापही होत नाही. फक्त पळता येते.

मात्र या बारा सेकंदांना तू तुच्छ लेखू नयेस. मोजणे ही त्या चित्रपटाची लय आहे आणि पटकथाकारांनी ती चांगली पकडली आहे. गच्चीवर गेरीच्या तोंडात रक्त उडते, तेव्हा तो कठड्याशी जाऊन उभा राहतो आणि आकडे मोजतो, म्हणजे आपण पालटलोच तर खाली कोसळावे आणि बायकोमुलींना इजा होऊ नये. त्या दृश्यात कर्तव्य, भीती आणि प्रेम एकाच वेळी दिसते, आणि त्यासाठी एक वाक्यही खर्च होत नाही. कादंबरीला हे जमले नसते, कारण मागाहून सांगणाऱ्याला ते बारा सेकंद पुन्हा तितके लांब करता येत नाहीत. जेरुसलेमच्या भिंतीवर झॉम्बींची उतरंड चढत जाते, त्या प्रसंगाविषयी तू दीड पान लिहिले आहेस. तिथे अर्धे पान पुरे.

त्याऐवजी शेवटचा भाग पाहा. चित्रपटाचा मूळ शेवट रशियातील मोठ्या लढाईचा होता आणि त्याचे चित्रीकरणही बुडापेस्टमध्ये झाले होते. तो बाजूला ठेवून डेमन लिंडेलॉफ आणि ड्रू गोडार्ड या पटकथाकारांकडून नवा शेवट लिहून घेतला गेला. ही माहिती तू ‘निर्मितीतील गोंधळ’ या मथळ्याखाली गॉसिपसारखी वापरली आहेस. नव्या शेवटात काय आहे ते बघ: वेल्समधील कार्डिफची एक प्रयोगशाळा, लांब मार्गिका, डिवचल्याशिवाय न धावणारे, जागच्या जागी डुलत उभे असलेले झॉम्बी, आणि आवाज न करता चालणारी तीन माणसे. धावण्यावर उभा असलेला चित्रपट तिथे चालू लागतो आणि चालू लागताच अधिक भीतिदायक होतो. झॉम्बींनी आजारी समजून सोडून द्यावे म्हणून जीवघेणा रोग स्वतःच्या शरीरात टोचून घ्यायचा की नाही, याचा निर्णय घ्यायला गेरीला अखेर वेळ मिळतो. माझ्या मते, तिथेच चित्रपट आपल्या मूळ पुस्तकाच्या सर्वांत जवळ येतो, जरी त्यातील एकही प्रसंग पुस्तकात नाही. तुझ्या तक्त्यात या जागी ‘नाही’ असा शेरा आहे. आता तो किती अपुरा आहे ते तुझ्या लक्षात येईल.

अशीच आणखी एक जागा तुझ्या नजरेतून सुटली. गेरी मेला असावा असे वाटताच त्याच्या कुटुंबाला सुरक्षित जहाजावरून उतरवून नोव्हा स्कॉशियातील छावणीत धाडले जाते, कारण ज्याचा उपयोग होता तो माणूसच आता नाही. ही रेडेकरच्या हिशेबाची छोटी, घरगुती आवृत्ती आहे. चित्रपट तिच्यावर थांबत नाही, तू थांब.

दोन वाक्ये मात्र काढूनच टाक. ‘लेखकाने कोरोनाचे भाकीत केले होते’ हे पहिले. सार्सची साथ २००२-०३ मध्ये येऊन गेली होती. साथीची बातमी कशी दडपली जाते हे २००६ साली लिहिणाऱ्याला ज्योतिष जाणून घेण्याची गरज नव्हती. दुसरे म्हणजे झॉम्बीला तू ‘आपल्याकडचा वेताळ’ म्हटले आहेस. वेताळ प्रेतात शिरतो, पण तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. झॉम्बीला विचारायचे काहीच नसते, आणि म्हणूनच या कादंबरीत प्रश्न विचारण्यासाठी एक माणूस वहीपेन्सिल घेऊन जगभर हिंडवावा लागला. ‘झॉम्बी’ हाच शब्द ठेव. तळटीपही नको, वाचकाला तो कळतो.

पुढचा मसुदा करण्यापूर्वी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचू नकोस. कोणतीही पाच प्रकरणे घे आणि प्रत्येकात बोलणारा कुठे गप्प होतो, कुठे विषय बदलतो, एवढेच समासात टिपत जा. मग चित्रपट आवाज बंद करून पाहा आणि कॅमेरा गेरीच्या चेहऱ्यावर सर्वांत जास्त वेळ कुठे थांबतो ते लिहून काढ. या दोन याद्या शेजारी ठेवल्यास की लेख कुठून सुरू करायचा ते तुला मला विचारावे लागणार नाही.

तुझा तक्ता सोबत परत पाठवत आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. आईला वेळ असेल तेव्हा त्या वयस्कर बाईविषयी तिला विचार, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत त्यावर उतरवून आण. मी पुढच्या रविवारी संध्याकाळी घरीच आहे.

तुझा,
काका