ढलप्यांच्या खड्ड्याने पाण्यातलं नायट्रेट जातं का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तुमच्या भाच्याच्या शेजाऱ्याने शेताच्या कडेला लांबलचक खड्डा खणला, त्यात लाकडाच्या ढलप्या भरल्या, वर माती लोटली, आणि म्हणतो की यातून जाताना पाण्यातलं नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) निघून जातं. हे खरं का, आणि वाळव्याच्या आपल्या क्षारपड रानात चालेल का?

पहिल्याचं उत्तर हो. मी आयोवातच शेतनिचऱ्याच्या कामात आहे, असे बरेच खड्डे भरले आहेत.

तिथली जमीन मुळात पाणथळ. तीन-चार फूट खाली सच्छिद्र पाईप घातल्याशिवाय वसंतात वाफसाच येत नाही. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, त्यामुळे ते पाण्याबरोबर थेट पाईपात आणि तिथून ओढ्यात जातं. आणि हे सगळं खताचंच नसतं. त्या काळ्या मातीतला सेंद्रिय नत्रही मोकळा होतो, नेमका तेव्हा, जेव्हा मका अजून वीतभरही नसतो. म्हणून 'खत कमी टाका' एवढ्यावर भागत नाही.

आता खड्डा. बऱ्याच जणांना वाटतं लाकूड नायट्रेट शोषून घेतं. तसं नाही. काम करतात जिवाणू. ढलप्या हे त्यांचं जेवण. पाण्यातला ऑक्सिजन संपला की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून श्वास घेतात आणि उरलेला नत्र वायू होऊन हवेत जातो. भुसा चालत नाही, पाणी तुंबतं. हिरवा पाला तर अजिबात नको.

सगळी मेख पाणी किती वेळ थांबतं यात आहे. खड्ड्याच्या दोन्ही तोंडांना पेटी असते, तिच्यात फळ्या खाली-वर करून पातळी ठरवायची. काही तास तरी मुक्काम हवा. कमी झाला तर नायट्रेट तसंच बाहेर. जास्त झाला तर नायट्रेट संपतं आणि जिवाणू सल्फेटकडे वळतात. एका ऑगस्टमध्ये मी उत्साहाने फळ्या चढवून ठेवल्या. पंधरा दिवसांनी मालकीणबाईंचा फोन, 'तिकडे काही मेलंय का?' सडक्या अंड्यांचा वास होता. वासापुरतं असतं तर ठीक, पण अशा अवस्थेत पाऱ्याचं जास्त विषारी मिथाइल पाऱ्यात रूपांतर होऊ शकतं.

'नव्वद टक्के नायट्रेट जातं' असं कुणी सांगितलं तर विचारा, कोणत्या महिन्यात? तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, धार बारीक आणि पाणी कोमट, तेव्हा जातही असेल. पण खरा लोंढा एप्रिल ते जूनचा. सुरुवातीला पाणी थंड, जिवाणू सुस्त, आणि खड्ड्यात न मावणारं पाणी बगलेच्या वाटेने तसंच निघून जातं. आयोवा राज्याच्या 2013 च्या धोरणात म्हणूनच सरासरी घट 43 टक्के धरली आहे. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो. ढलप्या दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात.

खटाटोप का, तर खाली डे मॉइन शहर नदीचं पाणी पितं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढायला वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. 2015 मध्ये तिने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंटींवर (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) खटलाही भरला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. नायट्रेट मात्र येतच राहिलं.

आता वाळवा. तुमच्याकडे पाईप निचरा घातला असेल आणि त्याचं एकच तोंड ओढ्यात सुटत असेल, तर खड्डा बसवता येतो. उबेमुळे जिवाणू जोमाने चालतील, ढलप्या मात्र लवकर कुजतील. पण क्षार? त्यातला एक कणही हा खड्डा काढणार नाही. खारं पाणी खारंच बाहेर येईल. विहिरीतलं नायट्रेट हाही वेगळा विषय, कारण तिथे एका तोंडाने येणारं पाणीच नाही.

खणायच्या आधी पाईपाच्या तोंडाचं पाणी तपासा, एकदा नाही, पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी. अहवालात आकडा 'नायट्रेट' म्हणून आहे की 'नायट्रेट-नत्र' म्हणून, ते आधी बघा. आपली लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा 'नायट्रेट' म्हणून आणि अमेरिकेची 10 ची 'नायट्रेट-नत्र' म्हणून, दोन्ही जवळपास एकच आहेत, फक्त मोजायची रीत वेगळी. आणि खड्डा भरलाच, तर पहिले काही आठवडे चहासारखं तपकिरी पाणी येईल. ते मासे असलेल्या डोहात सोडू नका.