ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन इंग्लंडला येताय? कौन्सिलकडून काय मिळतं, काय नाही

तुम्ही ठाण्याहून विचारलंय: स्किल्ड वर्कर व्हिसावर यायचं घाटतंय, नऊ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, बायको नोकरी सोडून त्याचंच बघते. तिकडे सरकार अशा घरांचं सगळं करतं का, आणि सासूबाईंना मदतीला आणता येईल का?

सगळं करत नाही. आधी पैशांचं सांगते. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असेल. म्हणजे मुलासाठीचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स नाही आणि आठवड्याला 35 तास सांभाळणाऱ्याला मिळणारा केअरर्स अलाउन्सही नाही. (तोही 2025-26 च्या दराने आठवड्याला 83.30 पौंड. त्यावर कुणाचं घर चालत नाही.) सेटलमेंट (कायमचं राहण्याचा परवाना) मिळेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका, उगाच व्हिसा अडचणीत येईल. उलट एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, वापरण्यासाठीचा हेल्थ सरचार्ज तुम्हीच आधी भरायचा: मोठ्यांना वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. तीन वर्षांच्या व्हिसाला तिघांचे 8,538 पौंड, एकरकमी. कंपनी भरणार का, हे ऑफरवर सही करण्याआधीच विचारून घ्या.

पण त्या अटीत शाळा येत नाही, आणि कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, सोशल केअरही (अशा घरांना मिळणारी प्रत्यक्ष मदत) येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर "आपल्याला इथे काही मिळत नाही" म्हणणाऱ्यांना हे बहुधा ठाऊकच नसतं.

मुलासाठी लागतो तो ईएचसी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर) प्लॅन, 2014 च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज ॲक्टखालचा. तो मिळाला की त्यात नेमकी लिहिलेली शैक्षणिक मदत देणं कौन्सिलला कायद्याने बंधनकारक होतं. शाळाच अर्ज करेल म्हणून थांबू नका, पालक थेट अर्ज करू शकतात. मुलाची तपासणी करायची की नाही ते सहा आठवड्यांत, पूर्ण प्लॅन वीस आठवड्यांत, असा नियम आहे. 2024 मध्ये निम्म्याहून जास्त प्लॅन ती मुदत चुकवूनच आले. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, तरी आमच्या कौन्सिलने आधी सरळ नकार कळवला. नकाराविरुद्ध ट्रायब्युनलकडे जाता येतं, त्याला फी नाही. निकालापर्यंत गेलेल्या बहुतेक प्रकरणांत पालकांच्या बाजूनेच निकाल लागतो. फक्त तारीख मिळायला महिनोन् महिने जातात.

आता तुमच्या बायकोचं. अपंग मुलाच्या आईवडिलांनी मागितलं तर त्यांच्या स्वतःच्या गरजांची वेगळी पाहणी करणं कौन्सिलचं कर्तव्य आहे. मागणी ईमेलने करा, फोनवरचं बोलणं हवेत विरतं. सोशल वर्कर घरी येते, चहा घेते, लॅपटॉप उघडून गोड आवाजात विचारते, "मग कसं चाललंय?" आपण सवयीने म्हणतो, "चाललंय, होतं सगळं." ती तेच टाइप करते आणि फाइल बंद! तिथे सांगायचं असतं ते हे: रात्री किती वेळा उठावं लागतं, शेवटचं डॉक्टरकडे स्वतःसाठी कधी गेलात, मुलगा रस्त्यावर हात सोडून पळतो तेव्हा काय होतं. घरातली गाऱ्हाणी परक्या बाईपुढे मांडायची आपल्याला लाज वाटते, पण तिच्या फॉर्मवर उतरलेल्या गोष्टींवरच महिन्यातले काही तास सांभाळायला माणूस किंवा सुट्टीतला क्लब ठरतो. यादी आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

पुढे तुमच्या बायकोने नोकरी धरली (डिपेंडंट व्हिसावर करता येते), तर एप्रिल 2024 पासूनच्या नियमाने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह, म्हणजे घरच्याला सांभाळण्यासाठीची रजा, मिळते. बिनपगारी, हो.

सासूबाई सहा महिन्यांपर्यंत व्हिजिटर म्हणून येतील, कायमच्या नाही. 2012 पासून वृद्ध नातेवाइकांचा व्हिसा इतका आवळलाय की त्या आशेवर बेत आखू नका.

भारतातल्या यूडीआयडी (अपंगत्वाच्या) कार्डाला इथे काही अर्थ नाही. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचे इंग्रजीतले ताजे रिपोर्ट मात्र नक्की आणा, नाहीतर एनएचएसच्या रांगेत सगळं पहिल्यापासून. मी लिहिलंय ते इंग्लंडचं; ऑफर ग्लासगो (स्कॉटलंड) किंवा कार्डिफची (वेल्स) असेल तर कायदे वेगळे. आणि घर ऑफिसच्या अंतरावरून ठरवू नका. प्रत्येक कौन्सिलला अशा मुलांच्या सोयींची 'लोकल ऑफर' वेबसाइटवर टाकावीच लागते. दोन-तीन कौन्सिलच्या वाचा, जवळच्या स्पेशल स्कूलला ईमेल करून जागांचं विचारा, मग भाड्याचं घर शोधा.