गायक गेला, बँड उरला

या वेळच्या पत्रांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या बँडची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे: महत्त्वाचा माणूस गेला, आता काय? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमचा चौघांचा बँड. सहा वर्षं दर रविवारी जॅम रूममध्ये वाजवतो. गायक आठ महिन्यांपूर्वी अचानक वारला. दुसरी गिटारही तोच वाजवायचा. उरलेल्या तिघांत दोघं म्हणतात बस झालं, मी म्हणतो नवा गायक घेऊ. बरोबर कोण?
– घोडबंदर रोड, ठाणे

मतं मोजण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे सेटमधली सगळी गाणी लिहा आणि वर सात रकाने आखा: मुख्य आवाज, दुसरा आवाज, गिटार, चाल कोणाची, शब्द कोणाचे, गाण्याची सुरुवात कोण देतो, दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी कोण बोलतो. बारा गाणी असतील तर चौऱ्याऐंशी चौकोन होतील. जे काम तुमच्या मित्राचं होतं त्या चौकोनात फुली मारा.

फुल्या मुख्यतः आवाज आणि गिटार या रकान्यांत आल्या तर बँड पुढे जाऊ शकतो. त्या चाल आणि शब्दांच्या रकान्यांत दाटल्या असतील, तर नवा गायक कितीही तयारीचा असो, वर्षभरात तुम्ही स्वतःच्याच जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होऊन बसाल. मग थांबा, किंवा नाव बदलून नव्या गाण्यांनी सुरुवात करा.

१९८० या एकाच वर्षात याची तीन उत्तरं मिळाली. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारीला गेला आणि ब्रायन जॉन्सनला घेऊन केलेला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम २५ जुलैला बाजारात आला. हे इतक्या लवकर जमलं, कारण रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) रचणारे दोघे गिटारवादक यंग बंधू जागेवर होते. गायक इयन कर्टिस १८ मे रोजी गेला, तेव्हा जॉय डिव्हिजनच्या उरलेल्या तिघांनी जुनं नाव सोडून न्यू ऑर्डर हे नाव घेतलं. गाण्याची जबाबदारी गिटारवादक बर्नार्ड समनरवर आली आणि कीबोर्ड व गिटारसाठी गिलियन गिल्बर्ट आली. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबरला गेला, आणि ४ डिसेंबरला त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. त्यांचं सगळं संगीतच बॉनमच्या हातावर तोललेलं होतं, त्यामुळे तो निर्णय आम्हाला तितकाच रास्त वाटतो.

तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. ते तबला वाजवत आणि गातही. दोन्ही करणारा दुसरा असीम शोधण्याऐवजी बँडने तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गाण्यासाठी हिमांशु जोशी असे दोघे घेतले. जेनेसिस या बँडमधून गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला तेव्हाही असंच झालं. ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला आणि दौऱ्यांवर ड्रमला दुसरा माणूस बसला. तुमचा गायक गिटारही वाजवत होता. म्हणजे जाहिरात 'गायक-गिटारवादक पाहिजे' अशी देऊ नका. अशी दोन्हीकडे पक्की माणसं कमी, आणि आलेल्या प्रत्येकाची तुम्ही नकळत मित्राशी तुलना कराल. फुल्या वेगवेगळ्या माणसांत वाटा.

जाहिरात देण्याआधी तीन रविवार गायकाशिवाय वाजवा. पहिल्या दिवशी गाणी कोसळतील. शब्द ऐकून कडवी मोजायची सवय असते, त्यामुळे दुसऱ्या कडव्यानंतर कोणी एक आवर्तन आधी वळेल. तिसऱ्या रविवारपर्यंत सगळे एकत्र वळायला लागले तर ढाचा शाबूत आहे असं समजा. तेवढ्यात त्या दोघांपैकी कोणी येणंच बंद केलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

ऑडिशनला तीन गाणी द्या: एक जुनं जसंच्या तसं, एक जुनं त्याच्या पद्धतीने, आणि एक अर्धवट, ज्याला चाल नाही. खरा कस तिसऱ्यात लागतो. आणि काहीही जाहीर करण्यापूर्वी मित्राच्या घरी जाऊन सांगा. आईवडिलांना ही बातमी इन्स्टाग्रामवर कळू नये.

प्रश्न: आमचा गायक सोडून गेला, आता मुलगी गाते. आवाज दमदार आहे, पण जुन्या पट्टीत कडवं खूप खाली जातं आणि धृपद धड वर ना खाली. गिटारवाला म्हणतो पट्टी बदलली तर रिफ मरतात. काय करावं?
– ऐरोली, नवी मुंबई

तुमच्या गिटारवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. रॉकमधले बरेच रिफ मोकळ्या सहाव्या तारेवर, म्हणजे ई वर (हार्मोनियमवरची पांढरी तीन) उभे असतात. पट्टी एखाददोन स्वरांनी चढवली की ती मोकळी तार हातची जाते आणि तिच्याबरोबर वजनही जातं.

आधी पट्टी नक्की करा. प्रत्येक गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर लिहून काढा. मग तिला सरावाच्या सुरुवातीला नव्हे, तासभर गाऊन झाल्यावर तपासा, कारण कार्यक्रमात सातव्या गाण्याला गळा ताजा नसतो. धृपदाचा वरचा स्वर तिच्या कमाल टोकाच्या निदान एक पूर्ण स्वर खाली यायला हवा. पुरुषाच्या पट्टीतलं गाणं बाईच्या गळ्यात बसवायला बहुतेक वेळा तीन ते पाच सेमिटोन (अर्धे स्वर) चढवावं लागतं.

पाच सेमिटोन लागत असतील तर तुमचं नशीब चांगलं. ई मधला रिफ बोटांचा आकार न बदलता सहाव्या तारेवरून पाचव्या तारेवर न्या, तो आपोआप ए मध्ये येतो, कारण या दोन तारांत नेमकं पाच सेमिटोनचं अंतर आहे. मोकळी तारही कायम राहते. फक्त आकार दुसऱ्या तारेपर्यंत पोचला तर तेवढं बोट एक पट्टा (फ्रेट) पुढे घ्यावं लागतं, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत अंतर चारच सेमिटोनचं असतं. आवाज थोडा पातळ होईल, तिथे बेसने भर घालायची. तीनच चढवायचे असतील तर तिसऱ्या पट्ट्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी चाप) लावा, पण लावल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करा. कॅपोचा दाब तारा किंचित चढवतो.

कधी उलटी वाट सोपी पडते: पट्टी अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅट (काळी दोन) करायची आणि धृपद तिने वरच्या सप्तकात घ्यायचं. अर्ध्या स्वराला १०-४६ च्या (हे तारांच्या जाडीचे आकडे) नेहमीच्या तारा चालतात. पूर्ण स्वर उतरवून डी वर जायचं तर ११-४९ किंवा ११-५२ घ्या. जुन्याच तारा ढिल्या केल्या तर ताण कमी होऊन गिटारची मान सरळ होते आणि पहिल्या काही पट्ट्यांवर तारा खरखरायला लागतात. तेव्हा ट्रस रॉड (मानेतली तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेऱ्याने सैल करा, थोडा वेळ थांबा, मग पुन्हा बघा. शेवटी बाराव्या पट्ट्यावर हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मानेपासून लांब सरकवा. फ्लॉइड रोझ (स्प्रिंगवर तोललेला हलता ब्रिज) असलेली गिटार स्टेजवर एका ट्यूनिंगमधून दुसऱ्यात नेण्याच्या भानगडीत पडू नका. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. तिथे दुसरी गिटारच हवी.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं) बटण वापरलं तर ते शून्यावर आणणं सेटलिस्टवरच लिहून ठेवावं. पुढच्या गाण्याचा पहिलाच कॉर्ड भलत्या पट्टीत वाजला की कारण शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं.

प्रश्न: दिवंगत गायकाचा स्टुडिओत रेकॉर्ड केलेला आवाज ट्रॅकवर लावून आम्ही खाली वाजवलं तर? एकाने एआयने त्याच्या आवाजात नवं गाणं करायचंही सुचवलंय.
– नेरूळ

खरा आवाज चालेल, पण एकच गाणं, आणि तेही शेवटून दुसरं. शेवटचं गाणं समोर उभ्या असलेल्या माणसाने गावं.

स्टुडिओतून मूळ मल्टिट्रॅक (प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगळं असलेलं रेकॉर्डिंग) मागवा आणि आवाजाचा ट्रॅक पहिल्या मात्रेपासून, एकही इफेक्ट न लावता, वेगळा काढून घ्या. मूळ रेकॉर्डिंग क्लिकवर (लय धरून ठेवणाऱ्या टिकटिकीवर) झालं नसेल तर लय कुठेतरी पळालेली असणार. अशा वेळी आवर्तनागणिक टेंपो नोंदवून त्याबरहुकूम क्लिक बांधावा लागतो. हे टाळलं की तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाज एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे. मग स्टिरिओ फाइल बनवा, डाव्या बाजूला आवाज, उजव्या बाजूला क्लिक, सुरुवातीला दोन आवर्तनं मोकळी. डावी बाजू डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला, उजवी फक्त ड्रमरच्या बंद हेडफोनला. केबल उलटी लागली तर सभागृहाला टिकटिक ऐकू येते, म्हणून दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. लॅपटॉपच्या चार्जरमुळे गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा.

एक चूक फार जण करतात. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला किती नमुने घेतले तो आकडा) फाइल ४८ वर चालली की आवाज जवळजवळ दीड सेमिटोन चढतो आणि गाणं वेगाने पळतं. गेलेल्या मित्राचा आवाज हजार लोकांसमोर असा चिरका ऐकू येणं हे काही बरं नाही. साउंडचेकला पूर्ण गाणं वाजवून बघाच.

एआयबद्दल: नको. 'बीटल्स'च्या २०२३ च्या 'नाउ अँड देन'चा दाखला लोक देतात, पण तिथे दिवंगत जॉन लेननने स्वतः गायलेल्या जुन्या कॅसेटमधून त्याचा आवाज तंत्राने वेगळा काढला होता. जे तो गायलाच नाही ते त्याच्या तोंडी घातलेलं नव्हतं. खरा आवाज वापरण्यासाठीही घरच्यांची लेखी संमती घ्या, आणि रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे असेल तर तिचीही.

प्रश्न: बाहेर पडलेला गिटारवादक म्हणतो बँडचं नाव त्याने सुचवलं, म्हणून ते त्याचं. यूट्यूब चॅनेलही त्याच्याच ईमेलवर आहे.
– कळवा, ठाणे

नाव सुचवल्याने मालकी ठरत नाही. ते कोणी वापरलं, कोणाच्या नावाने नोंदलं आणि आपसात काय लिहून ठेवलं, यावर ठरतं. पिंक फ्लॉइडमधून रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, १९८६ मध्ये त्याने नावावरून दावा लावला, आणि १९८७ च्या तडजोडीत नाव बँडमध्ये उरलेल्या गिलमोर आणि मेसनकडे राहिलं, 'द वॉल' या अल्बमचे हक्क वॉटर्सकडे गेले. त्यांना वकील परवडत होते. तुम्ही एका बैठकीत हे मिटवा.

ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ४१ मध्ये, म्हणजे करमणूक सेवेसाठी, करा. व्यक्तीने ऑनलाइन भरल्यास एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते. टी-शर्ट विकायचे असतील तर वर्ग २५ चा अर्ज वेगळा. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नाव शोधून घ्या. अर्ज एकाच्या नावाने करायचा असेल तर 'सर्वांच्या वतीने' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, नाहीतर भांडणाचं बी तिथेच पेरलं जातं.

लेखी करार न करता नफा वाटून घेत असाल तर कायदा तुम्हाला भागीदार मानू शकतो, आणि १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं काही नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच संपते. गाण्यांचं आणखी वेगळं. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट रचणाऱ्याच्या हयातीत त्याचा, आणि मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचा. म्हणजे बँडचं नाव तुमच्याकडे राहिलं तरी गाणं दुसऱ्याच्या घरी असू शकतं.

चॅनेलला आजच दुसरा मालक जोडा. गाणी अॅपवर चढवणाऱ्या वितरकाच्या खात्यात पैसे कोणाच्या बँकेत जमा होतात तेही बघून घ्या.

प्रश्न: दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी नसताना 'क्वीन'चं तिकीट काढणं म्हणजे फसवणूकच ना?
– सीवूड्स

नाही. उरलेले सदस्य नव्या गायकाचं नाव जोडून 'क्वीन + अॅडम लॅम्बर्ट' असं लिहितात, म्हणजे काय मिळणार ते तिकिटावरच छापलेलं असतं. तुम्हाला फ्रेडीच हवा असेल तर घरी बसून जुनं रेकॉर्डिंग ऐका.

प्रश्न: नवा बेसवादक घेतला. त्याला 'पाहुणा' म्हणायचं की सदस्य? मानधन किती?
– पनवेल

सहा कार्यक्रम किंवा सहा महिने, जे आधी येईल तेवढे दिवस पाहुणा, प्रत्येक कार्यक्रमाला ठरलेली रक्कम. त्यानंतर सदस्य, समान वाटा, आणि त्याच्या सहभागाने झालेल्या नव्या गाण्यांत हक्क. जुन्या गाण्यांच्या हक्कात तो येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस अपघातात गेला आणि पुढच्याच महिन्यात जेसन न्यूस्टेड आला. १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम लावून न्यूस्टेडचा बेस शोधून बघा. जवळजवळ ऐकूच येत नाही. तो २००१ मध्ये बाहेर पडला. पुढच्या साउंडचेकला किक ड्रमनंतर लगेच बेस घ्या, आणि मिक्सरवरचा त्याचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) किती वर आहे ते नव्या मुलालाच विचारा.